ठिपका भिंतीवर धर

रविवार, २ मार्च

भिंगरे,

सगळ्यात आधी आले ते आपल्या इमारतीचे चिटणीस, आणि खुर्ची रिकामी असताना पलंगाच्या कडेवर टेकले, तेव्हाच मी ओळखलं की बातमी चांगली नाही. त्यांच्या मागोमाग शेजारच्या खड्ड्यावरचा साहेब आला. तू गेल्यावर शेजारी नवी इमारत काढायला घेतली आहे ना, तिच्या पायाचा खड्डा. एवढा खोल खणलाय की वरून बघितलं तर खालची माणसं शर्टाच्या बटणाएवढी दिसतात. मी त्याला खड्डेवालाच म्हणते, तोंडावर साहेब म्हणते. त्याच्या बुटांच्या मातीने माझ्या फरशीचा नकाशा झाला, ते असो.

तर विषय भिंतीचा. मागच्या खोलीत खिडकीच्या डाव्या अंगाला भेग पडली आहे. पावसाळ्यात नव्हती. खड्डा सुरू झाला आणि आली. चिटणीस म्हणतात, रोज दाणदाण हादरे बसतात, म्हणून. खड्डेवाला भेगेला नख लावून म्हणाला, "ही जुनीच आहे, आजी. तुमच्या वयाची असेल." मी म्हटलं, माझ्या वयाची असती तर ती केव्हाच पडली असती, माझ्यासारखी उभी राहिली नसती. चिटणीस हसले, तो हसला नाही.

आता ठरलंय असं. बावीस तारखेला, शनिवारी, बांधकाम खात्याची इंजिनीयर बाई येणार. तिच्यापुढे दर शनिवारचा फोटो ठेवायचा. भेग वाढते आहे हे दिसलं तर खड्ड्याचं काम थांबेल. नाही दिसलं तर ती जुनी ठरली, आणि ते खणत राहणार. चिटणिसांनी विचारलं, फोटो कोण काढेल, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी काढते, माझ्या नातीने कॅमेरा दिलाय. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी विमान चालवते म्हणाले.

काल पहिला फोटो काढला. तू शिकवलं तसं दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून. दुकानातून छापून आणला, सोबत पाठवते आहे. बघ काय झालंय ते. खिडकी अशी पांढरीफटक जशी आत्ताच पाजळली, आणि भिंत काळी ठिक्कर. भेग कुठेच नाही. दुकानदार म्हणाला, आजी, तुम्ही अंधाराचा फोटो काढलाय. मी म्हटलं, दुपारी बाराला काढलाय रे बाबा.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि वाचायला मला आवडतं, उशिरा शिकले म्हणून असेल. तर नीट लिहून सांग. खालच्या मजल्यावरची आपली घडी बरी आहे, अजून अंथरुणातच. पडल्या पडल्या खालून काठीने छताला ठोकते आणि विचारते, फोटो आला का.

तुझी आजी

गुरुवार, ६ मार्च

प्रिय आजी,

फोटो मिळाला. तुझं काही चुकलं नाही, कॅमेऱ्याचं चुकलं, आणि त्याचंही तसं नाही. त्याला काय बघायचंय हे कोणी सांगितलंच नव्हतं.

फोटो काढण्याआधी कॅमेरा समोरचा उजेड मोजतो. त्याला मीटरिंग म्हणतात. तो सगळ्या चौकटीचा उजेड मोजून एक सरासरी काढतो. तुझ्या चौकटीत एक लख्ख खिडकी आणि एक सावलीतली भिंत. त्याला वाटलं, अरे बापरे, केवढा उजेड, आणि त्याने सगळंच मंद करून टाकलं. त्यात भिंत बुडाली.

तू लॉन्ड्रीत नव्या बायकांना काय सांगायचीस ते आठव. गाठोडं बघून इस्त्री तापवायची नाही, ज्या कापडावर फिरवायची ते बघून तापवायची. बस, तेच.

मेनूचं बटण दाब. खाली जात राहा, चौकटीची तीन चित्रं येतील. एका चौकटीत डोळ्यासारखं काहीतरी आहे, ते सगळ्याची सरासरी. आत्ता तू त्यावर आहेस. दुसरी चौकट रिकामी आहे, ती सगळं बघते पण मधल्या भागाला जास्त मान देते. तिसऱ्या चौकटीत नुसता ठिपका आहे. ती फक्त ठिपक्याखाली जे येईल तेवढंच मोजते, बाकी जग गेलं खड्ड्यात. तुला ती हवी.

ठिपका भिंतीवर धर. फोटोचं बटण अर्धं दाब, एक बारीक आवाज येईल. मग बोट तसंच ठेवून कॅमेरा हवा तसा वळव, आणि मग पूर्ण दाब. बोट उचललंस की तो मोजलेलं विसरतो.

आमच्या स्टुडिओत दिवसभर ओळखपत्राचे फोटो काढते मी. रोज कोणी ना कोणी पांढरा शर्ट घालून येतो आणि रोज हीच कटकट. तू एकटी नाहीस.

एक विचारायचंय. त्या भिंतीला लागून तुझा पलंग होता. अजून तिथेच आहे का?

तुझी भिंगरी

रविवार, ९ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदा घडीला वाचून दाखवलं. गाठोड्याचं ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, पोरीने आपली लॉन्ड्री त्या डबीत भरली. चाळीस वर्षं मी डाग काढले, तिने घड्या घातल्या, इस्पितळाच्या चादरी दिवसाला चारशे, आणि ह्यातलं काही कोणाच्या कामी येईल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

ठिपक्याची चौकट सापडली. पण आता नवीनच दुखणं. भिंतीचा रंग बाई कसा विटलाय. तो फोटो चिटणीस बघणार, खात्याची बाई बघणार, मग चार लोक बघणार. मला लाज वाटली. मी भेगेच्या दोन्ही बाजूंना एक एक पांढरी चादर लावली, कडक इस्त्री केलेली. भेग मधे. छान दिसत होतं, जसा मधे भांग पाडलाय. ठिपका चादरीवर धरला, म्हटलं स्वच्छ जागेवर धरावा, अर्धं दाबलं, वळले, पूर्ण दाबलं.

फोटो बघ. चादर राखाडी. माझी चादर. भिंगरे, माझ्या हातून आयुष्यात राखाडी चादर बाहेर पडलेली नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या होत्या की ह्या चादरीवर पेशंटला झोपवायला जीव होत नाही. आणि ही डबी तिला राखाडी दाखवते. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की भेग काळी आली आहे हे मी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

पुढच्या खोलीतल्या कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, त्याला सुताराकडून बिजागरी बसवून घेतली. सुतार फार बोलका आहे. बाकी ठीक.

तुझी आजी

बुधवार, १२ मार्च

प्रिय आजी,

तुझ्या चादरीचा अपमान कॅमेऱ्याने मुद्दाम केलेला नाही. तो सगळ्यांचाच करतो. त्याला पांढरं आणि काळं ह्यातलं काही कळत नाही. ज्याच्यावर ठिपका धरशील ते त्याला मध्यम करडं दिसलं पाहिजे, एवढंच त्याला शिकवलंय. चादरीवर धरलंस तर तो चादर करडी करणार, आणि त्या नादात भिंत काळी. काळ्या कोटावर धरलंस तर कोट करडा आणि बाकी सगळं दूध सांडल्यासारखं.

म्हणून ठिपका अशा जागेवर धरायचा जी मुळातच ना फार उजळ ना फार काळी. तुझी विटलेली भिंत त्यासाठी उत्तम आहे. आजी, चादरी काढ. विटली तर विटू दे. त्या बाईला तुझी भिंत बघायची आहे, तुझी इस्त्री नाही.

आणि भेगेशेजारी एक सेफ्टी पिन चिकटपट्टीने लाव, तू चादरींना लावायचीस तीच. दर शनिवारी तीच पिन, तीच जागा. म्हणजे भेग किती रुंद ते मोजता येईल.

तू कपाटाबद्दल लिहिलंस. मी पलंगाबद्दल विचारलं होतं.

तुझी भिंगरी

रविवार, १६ मार्च

भिंगरे,

आला. फोटो आला. सोबत आहे, आधी तो बघ आणि मग हे वाच.

बघितलास? पिनेचा वेटोळा सुद्धा दिसतो. भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघते आणि वर जाते, प्रत्येक वळण दिसतंय. दुकानदाराने स्वतःहून विचारलं, हा कोणी काढला. मी म्हटलं, ज्या बाईने अंधाराचा काढला होता, तिनेच. आता मला चटक लागली आहे. घडीला खिडकीपाशी बसवून तिचा फोटो काढला, ठिपका तिच्या गालावर धरला, तर काय सुरेख आलीय. सत्तरीतली बाई पण डोळे बघ. तिने तो उशीखाली ठेवलाय. चिटणिसांच्या बायकोने तर साडी बदलून येते म्हणून निरोप पाठवला.

चिटणिसांनी मात्र फोटो खिडकीपाशी नेऊन दोनदा बघितला. ह्या शनिवारी भेग पिनेच्या तारेएवढी आहे. ते म्हणाले, वाढली तर काम थांबेल हे खरं, पण फार वाढली तर खातं अख्खी इमारत रिकामी करायला लावेल. हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, फार म्हणजे किती. ते म्हणाले, ते ती बाई ठरवेल.

मी हे घडीला सांगायला नको होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. तिचा मुलगा गेल्या वर्षापासून म्हणतोच आहे की तिला त्याच्या गावाजवळच्या वृद्धाश्रमात ठेवतो. ती म्हणत होती, माझी वरची आहे ना, मग मला कशाला आश्रम. आता इमारतच गेली तर वरची नाही आणि खालची नाही. ती नुसती बोटाने चादरीची कड मोडत बसली, घडी घालताना मोडायची तशी.

पलंग जिथे होता तिथेच आहे. मला त्या खिडकीचा वारा लागतो.

तुझी आजी

बुधवार, १९ मार्च

आजी,

फोटो फारच चांगला आहे. मी तो स्टुडिओच्या मालकांना दाखवला, त्यांनी मान डोलावली, आणि ते सहसा डोलावत नाहीत.

पण मला त्यात वरचा कोपराही दिसतोय. भेग भिंतीवर थांबत नाही, छतात शिरते, आणि ती जागा पलंगाच्या बरोबर वर आहे. पलंग आजच्या आज पुढच्या खोलीत ने. वाऱ्यासाठी पंखा आहे. चिटणिसांना सांग, सुताराला सांग, कोणालाही सांग, पण हलव.

शनिवारचा फोटो लगेच पाठव. बाई काय म्हणाल्या तेही.

भिंगरी

रविवार, २३ मार्च

भिंगरे,

खात्याची बाई काल आली नाही. निरोप आला की पुढच्या शनिवारी, एकोणतीसला येईल.

कालचा फोटो पाठवते. परत काळा आला. कॅमेरा थकला असेल, नाहीतर सेल संपत आले असतील. आता जुना झाला तोही. तू काळजी करू नकोस. इथे सगळं ठीक आहे.

आजी

मंगळवार, २५ मार्च

आजी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. पहिली तीन रागाने लिहिली होती.

तुझा २ तारखेच्या पत्रातला फोटो आणि हा फोटो माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवलेत. त्या फोटोत खिडकी पांढरीफटक होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि भिंतीची कड टोकदार होती. त्याला चूक म्हणतात. ह्या फोटोत खिडकीबाहेर समोरच्या घराची वीट न् वीट मोजता येते. गच्चीवर वाळणाऱ्या टॉवेलचे पट्टे दिसतात. आणि भिंतीची कड पुसट आहे. सेल संपले की असं होत नाही. कॅमेरा थकला की असं होत नाही. असं एकाच रीतीने होतं. ठिपका खिडकीवर धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं, मग भिंतीकडे वळायचं आणि पूर्ण दाबायचं. म्हणजे कॅमेरा बाहेरचा उजेड धरून बसतो, नजरही लांबची धरून बसतो, आणि भिंत काळोखात जाते.

हे मीच तुला शिकवलं. आणि तू इतकं नीट शिकलीस की चुकून तुझ्या हातून हे होणार नाही.

तू कशासाठी केलंस ते मला कळलं. घडीआजीला मी लहानपणापासून ओळखते, शाळेतून आल्यावर तिच्याच मांडीवर झोपायचे. पण खड्डेवाल्याला नेमका असाच फोटो हवा आहे. काहीच दिसत नाही म्हणजे काहीच झालेलं नाही, असं म्हणून तो खणत राहील. आणि भिंत फोटो बघून थांबणार नाही. घडीआजीची खोली तुझ्या खालीच आहे. तुझी मागची खोली खाली आली तर कोणावर येईल, ते तूच बघ.

भेग आता पिनेच्या किती पट आहे ते मला खरं सांग. मला सांगायचं नसेल तर त्या बाईंना सांग. शनिवारच्या आधी गाडी मिळत नाही, नाहीतर मी निघालेच असते.

भिंगरी

रविवार, ३० मार्च

भिंगरे,

आता सगळं सांगते, क्रमाने सांगते, मधे भरकटणार नाही असं म्हणते पण भरकटेन.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. टॉवेलच्या पट्ट्यांपर्यंत वाचलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. चाळीस वर्षं मी लोकांच्या चादरी बघून सांगितलं की इथे काय सांडलं आणि कोणी लपवून धुतलं. माझ्या घरात कोणी माझा डाग ओळखेल असं वाटलं नव्हतं. मग पत्र खाली ठेवलं, आणि भेगेपाशी जाऊन पिन काढून बघितली. पिन आत गेली. तिचं डोकं सुद्धा. तुला खरं सांगायचं म्हणून सांगते, मागच्याच शनिवारी ती आत जात होती. म्हणूनच केलं मी ते.

खाली गेले आणि घडीला पत्र वाचून दाखवलं, शेवटपर्यंत, तिच्या अंगावर खोली येईल तेही. वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "तू माझ्यासाठी खोटा फोटो काढलास?" मी म्हटलं हो. ती म्हणाली, "आणि झोपत कुठे होतीस?" मी म्हटलं तिथेच. मग ती मला जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही, लॉन्ड्रीतल्या मुकादमालाही ती असं बोलली नव्हती. शेवटी म्हणाली, उद्या खरा काढ, आणि मी आश्रमात जाईन नाहीतर रस्त्यावर बसेन, पण तुला ढिगाऱ्यातून काढायला मला उठता येत नाही.

शनिवारी आधी खड्डेवाला आला, बरोबर वेळेवर. मग चिटणीस. मग ती बाई, एकटीच, खांद्याला पिशवी, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने पाणी मागितलं आणि सगळं प्यायली, मला ते आवडलं. खोलीत तिला नेण्याआधीच खड्डेवाल्याने टेबलावरचा मागच्या शनिवारचा काळा फोटो उचलून तिच्या हातात दिला. म्हणाला, बघा मॅडम, भिंतीवर काहीच दिसत नाही, आणि खिडकीबाहेर मोडलेलं काही नाही. चिटणीस खाली बघत होते. त्यांना वाटलं मी परत चुकले.

मी कॅमेरा घेतला, आणि बाईला म्हटलं, या आत. मागच्या खोलीत गेले, तिच्यासमोर मेनू उघडला, ठिपक्याची चौकट दाखवली. ठिपका भिंतीवर धरला. अर्धं दाबलं, तो बारीक आवाज आला. तो खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. वळले, पूर्ण दाबलं, आणि कॅमेऱ्याचा पडदा बाईपुढे धरला. भेग अशी होती की तिच्या आतलं विटेचं लालपण दिसत होतं.

बाई म्हणाली, "आजी, हा फोटो तुम्ही काढलात?"

"हो."

"आणि हा काळा?"

"तोही मीच," मी म्हटलं. "तो खिडकीचा आहे. भिंत दिसू नये म्हणून काढला. कारण ही इमारत रिकामी केलीत तर खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण तीनशे मैल जाईल."

खड्डेवाल्याने तोंड उघडलं, तिने हात वर केला, त्याने मिटलं. बाईने काळा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्याशेजारी धरला. मी मनात म्हटलं, झालं, आता मला खोटारडी म्हणेल आणि फोटो फेकून देईल. ती म्हणाली, काळा फोटो पण द्या, मी दोन्ही जोडते, दोन्हीवर तारीख घाला. मग पलंगाकडे बघून तिने चिटणिसांना, आजी इथे झोपतात का, हे अशा आवाजात विचारलं की मला चिटणिसांची दया आली.

मग तिने पिशवीतून काचेच्या दोन पातळ पट्ट्या काढल्या, बोटभर लांबीच्या, आणि भेगेवर आडव्या चिकटवल्या, एक खाली, एक वर. म्हणाली, भिंत केसाएवढी हलली तरी काच तडकेल. तोपर्यंत खड्ड्याचं काम बंद. कागद तिथेच लिहिला, खड्डेवाल्याची सही घेतली. सही करताना त्याचे कान लाल झाले होते. मागच्या खोल्या, माझी आणि घडीची, रिकाम्या करायच्या. इमारतीच्या पुढच्या अंगाचं काय, ते काच सांगेल.

संध्याकाळच्या आत चिटणिसांनी आणि सुताराने माझा पलंग खाली उतरवला. आता मी घडीच्या पुढच्या खोलीत आहे, तिच्या पलंगाला लावून माझा. काठीने छताला ठोकायची गरज नाही, तरी सवयीने ठोकते, मग म्हणते, अगं तू इथेच की. तिच्या मुलाला फोन करायचा की नाही हे आम्ही ठरवलेलं नाही. ती म्हणते, काच काय सांगते ते आधी बघू.

आज सकाळी मी एकटी वर जाऊन आले. दारातूनच, आत पाय ठेवला नाही, शपथ घालू नकोस. ठिपका वरच्या काचेवर धरायला गेले तर ती चमकते, म्हणून शेजारच्या भिंतीवर धरला, तू सांगितलं तसं. दोन्ही काचा अखंड आहेत. फोटो सोबत आहे, खरा आहे, विटा मोजून बघ. रोज सकाळी एक काढणार आहे. खड्ड्यातून आज आवाज नाही. इतकी शांतता झाली आहे की घडीचा श्वास ऐकू येतो, मला, जिला फोन ऐकू येत नाही.

बाईने काचेच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख घातली होती. पुन्हा कधी येणार म्हणून विचारलं तर तिने वार सांगितला, म्हणाली, मी आणि खात्याचे मोठे साहेब दोघं येतो, अकरा-बाराला. पेन्सिल तिची तिथेच राहिली होती. ती परत मागायच्या आत मी तिच्या तारखेखाली माझ्या अक्षरात लिहून घेतलं: गुरुवार.

तुझी आजी